मुकादम, बदली आणि मस्टर : मुंबईच्या कापडगिरण्यांतील कामगारव्यवस्थापनाचा एक आढावा

मुंबईच्या कापडगिरण्यांविषयी जे लेखन झाले आहे, त्यात भांडवलाचा आणि संपांचा इतिहास विस्ताराने आलेला आहे. रोज सकाळी गिरणीच्या दरवाजाशी उभ्या राहिलेल्या माणसांपैकी कोणाला आत घ्यावयाचे आणि कोणाला परत पाठवावयाचे हे कोण ठरवीत असे, हा प्रश्न मात्र त्या लेखनात बहुधा इतर प्रश्नांच्या ओघात येतो. वस्तुतः कामगारव्यवस्थापन या नावाने आज जे शास्त्र ओळखले जाते, त्याचे मूळ याच प्रश्नात आहे. यंत्र बदलले की कामाची वाटणी बदलते. कामाची वाटणी बदलली की माणसे नेमण्याचा, त्यांच्यावर देखरेख ठेवण्याचा आणि त्यांना काढून टाकण्याचा अधिकार एका हातातून दुसऱ्या हातात जातो. हा अधिकार कोणकोणत्या हातांतून गेला, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे. गिरणीच्या व्यवहारात रूढ झालेल्या शब्दांचा त्या कामी पुरावा म्हणून उपयोग केला आहे. कारण ज्या गोष्टी कंपन्यांच्या वहीखात्यात नोंदल्या गेल्या नाहीत, त्यांपैकी काही भाषेत नोंदल्या गेलेल्या आहेत.

१. मुकादमाचे राज्य

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ साली ताडदेव येथे ती गिरणी सुरू झाली. पुढील अर्धशतकात ताडदेव, भायखळा, परळ, लालबाग, वरळी हा सर्व भाग गिरण्यांनी व्यापला. यंत्रे लँकेशायरहून आली, आणि ती बसविणारे व चालविणारे तज्ज्ञही आरंभी तेथूनच आले. कामगार आले ते प्रामुख्याने रत्नागिरीकडून आणि सातारा, पुणे, कोल्हापूर या घाटावरील प्रदेशांतून. विणकामात उत्तरेकडील जुलाह्यांचाही भरणा होता. मालकाची भाषा एक, यंत्रतज्ज्ञाची दुसरी आणि कामगाराची तिसरी, अशा स्थितीत या तिघांना जोडणारा जो मनुष्य निर्माण झाला, तोच जॉबर अथवा मुकादम होय.

‘मुकादम’ हा शब्द अरबी ‘मुकद्दम’ यावरून आलेला असून ‘पुढे ठेवलेला’, ‘अग्रणी’ असा त्याचा अर्थ आहे. मराठेशाहीच्या कागदपत्रांत ‘मोकदम’ म्हणजे गावचा पाटील. गावातील अधिकाराचे हे नाव गिरणीत आले, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. गिरणीतील मुकादम हा केवळ देखरेख करणारा नोकर नव्हता. तो माणसे आणी, त्यांना यंत्रे नेमून देई, यंत्र बिघडले तर ते दुरुस्त करी, रजा देई, खाडा झाला तर त्या जागी दुसऱ्यास उभा करी, आणि मनात आले की कामावरून काढूनही टाकी. वाइंडिंग व रीलिंग या खात्यांत स्त्रिया काम करीत. तेथे हेच अधिकार ‘नायकिणी’कडे असत. नोकरी देण्याबद्दल आणि टिकविण्याबद्दल जी रक्कम घेतली जाई तिला ‘दस्तुरी’ म्हणत. दस्तूर म्हणजे रिवाज. लाच हीच रिवाज झाल्याची साक्ष हा शब्द देतो.

मराठीत नोकरी मिळण्यासंबंधी जे क्रियापद रूढ आहे तेही येथे लक्षात घेण्यासारखे आहे. माणूस ‘कामाला लागतो’ आणि कोणीतरी त्याला ‘कामाला लावतो’. या प्रयोजक रूपात नोकरी देणाऱ्या कंपनीला स्थान नाही. लावणारा हा नेहमी ओळखीचा, गावचा, नात्याचा अथवा मुकादमाच्या माहितीचा मनुष्य असतो.

मुकादमाच्या सत्तेचे मूळ त्याच्या स्वभावात शोधण्यापेक्षा वेतनाच्या पद्धतीत शोधणे अधिक योग्य ठरेल. पगार महिन्याचा असे, आणि महिना उलटून गेल्यावर कित्येक दिवसांनी तो हाती पडे. नव्याने आलेल्या माणसाला तोपर्यंत उधारीवर राहावे लागे. खानावळवाला, वाणी आणि सावकार हे उधारी देत ती मुकादमाच्या शब्दावर. अशा रीतीने कारखान्यातील अधिकार चाळीपर्यंत आणि चाळीतील अधिकार कारखान्यापर्यंत पोचत असे. तथापि ही सत्ता निरंकुश होती असेही मानता येत नाही. राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखवून दिल्याप्रमाणे मुकादमाला आपली माणसे राखावी लागत. ती त्याच्याकडून निघून गेली, अथवा संपाच्या वेळी त्यांनी त्याचे ऐकले नाही, तर मालकाच्या दृष्टीने त्याचे मोल उरत नसे.

२. दिवा आणि दिवस

तंत्रामुळे कामाचे स्वरूप कसे पालटते याचे पहिले ठळक उदाहरण चात्याचे अथवा मागाचे नसून दिव्याचे आहे. आरंभीच्या गिरण्या सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चालत. म्हणजे कामाच्या दिवसाला निसर्गाची मर्यादा होती. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने मुलांच्या आणि १८९१ च्या कायद्याने स्त्रियांच्या कामाच्या तासांवर बंधन घातले. प्रौढ पुरुषांना ते लागू नव्हते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून केलेल्या प्रयत्नांना यश येऊन १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली. पण आठवड्याचा एक दिवस सुटला तरी उरलेल्या सहा दिवसांची लांबी तशीच राहिली.

विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि निसर्गाने घातलेली मर्यादा नाहीशी झाली. १९०५ च्या सुमारास बाजारात तेजी होती; अनेक गिरण्यांनी कामाचा दिवस तेरा-चौदा तासांच्याही पुढे नेला, आणि त्यावरून असंतोष उसळला. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषाचा दिवस बारा तासांवर आणला. १९२२ मध्ये ही मर्यादा दिवसाला अकरा व आठवड्याला साठ तास, आणि १९३४ मध्ये दिवसाला दहा व आठवड्याला चोपन्न तास अशी झाली. दिव्याने लांबविलेला दिवस कायद्याने आखूड केला. परंतु दिवस आखूड झाला तरी यंत्र थांबवून ठेवणे मालकास परवडणारे नव्हते. म्हणून १९३० नंतर दुसरी पाळी सर्वत्र रूढ होत गेली. ‘पाळी’ हा शब्द घरातील आणि देवळातील क्रमवार कर्तव्यासाठी मराठीत पूर्वीपासून होता. ‘रातपाळी’ या समासाने तो गिरणगावाच्या संसारात कायमचा शिरला. स्त्रियांना रात्री काम करण्यास कायद्याने मनाई होती. वेगाने चालणारी नवी वाइंडिंग यंत्रे, रात्रपाळी आणि १९२९ च्या प्रसूतिलाभ कायद्याने मालकावर आलेला खर्च, या तिन्हींच्या एकत्रित परिणामाने गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण घटत गेले. १९२० च्या दशकात ते सुमारे एकपंचमांश होते. ज्या कायद्यांनी स्त्रीचे रक्षण केले, त्यांनीच तिला महाग कामगार ठरविले, हा विरोधाभास इतिहासकाराने नजरेआड करू नये.

३. दोन बाजू आणि तीन माग

१९२० च्या दशकात जपानी कापडाची स्पर्धा आणि मंदी यांमुळे मुंबईच्या गिरण्या अडचणीत आल्या. १९२६ साली नेमलेल्या टॅरिफ बोर्डाने कार्यक्षमता वाढविण्याची शिफारस केली. १९२८ च्या आरंभी ससून समूहाच्या गिरण्यांनी ‘रॅशनलायझेशन’ म्हणजे कामाचे सुसूत्रीकरण सुरू केले. रिंगच्या साच्याला दोन बाजू असतात. पूर्वी प्रत्येक बाजूला एक कामगार असे, आता एकाने दोन्ही बाजू पाहावयाच्या. विणकर पूर्वी दोन माग चालवी, आता त्याने तीन चालवावेत.

या ठिकाणी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. नवे यंत्र आले म्हणून हा बदल झाला असे नव्हे. बहुतांशी यंत्र तेच होते, त्याभोवतीची माणसे कमी केली गेली. एका माणसाने किती माग चालवावेत हे मागावर जितके अवलंबून असते तितकेच सुतावर असते. कापूस हलका, मिसळ निकृष्ट, तर सूत वरचेवर तुटते. सूत तुटले की माग थांबतो आणि तुटलेले जोडण्यात विणकराचा हात गुंततो. विणकराला मजुरी कापडाच्या मानाने मिळे, वेळेच्या मानाने नव्हे. तेव्हा सूत वाईट असले तर त्याची तूट मालकाच्या नफ्यात न पडता विणकराच्या पगारात पडे. शिवाय बिघडलेले कापड विणकराच्याच माथी मारून त्याची किंमत पगारातून कापण्याची पद्धत होती. कामगारांचा विरोध यंत्राला होता असे वारंवार लिहिले जाते, ते या दृष्टीने अपुरे आहे. कापूस कोणता घ्यावा हे ठरविण्यात कामगाराला काही अधिकार नव्हता. त्या निर्णयाची किंमत मात्र त्याच्याकडून वसूल केली जात होती.

एप्रिल १९२८ मध्ये सुरू झालेला सार्वत्रिक संप ऑक्टोबरपर्यंत चालला. सुमारे दीड लाख कामगार त्यात होते. याच संपात गिरणी कामगार युनियन, म्हणजे लाल बावटा, उदयास आली. संप मिटल्यावर नेमलेल्या फॉसेट समितीने १९२९ च्या आपल्या अहवालात सुसूत्रीकरणाचे तत्त्व मान्य केले, परंतु ते कोणत्या अटींवर लागू करावे याचीही चर्चा केली. स्थायी आदेश कोणते असावेत, कोणत्या कामाला किती दर असावा, दंड किती असावा, ही सर्व चर्चा प्रथमच छापील स्वरूपात, दोन्ही पक्षांसमोर झाली. मुकादमाच्या तोंडी असलेला नियम कागदावर येऊ लागला तो येथपासून.

याच संपात आणखी एक प्रश्न पुढे आला. विणकामाच्या खात्यात, म्हणजे साळखात्यात, अस्पृश्य मानलेल्या कामगारांना प्रवेश नव्हता. कारण तांत्रिक असल्याचे सांगितले जाई : धोट्यात नवी कांडी बसविली की सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि एकाच्या तोंडाचा धोटा दुसऱ्याने वापरण्यास सवर्ण विणकरांचा विरोध होता. परिणामी गिरणीतील अधिक मिळकतीचे काम महार कामगारांना बंद राहिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या संपाच्या काळात हा प्रश्न ठामपणे मांडला. कामाची तांत्रिक गरज आणि समाजाची उतरंड या दोन्ही एका लहानशा छिद्रात एकत्र आल्या होत्या. दुसऱ्या प्रकारचा धोटा वापरून हे तांत्रिक कारण दूर करता येण्यासारखे होते. ते दीर्घकाळ दूर झाले नाही, यावरून तंत्र हे कारण नसून निमित्त होते असाच निष्कर्ष निघतो.

४. बदलीचे पास

१९२९ साली नेमलेल्या आणि १९३१ साली अहवाल सादर केलेल्या व्हिटली आयोगाने मुकादमपद्धतीवर टीका केली. कामगारभरतीचे अधिकार मुकादमाकडून काढून घेऊन त्यासाठी स्वतंत्र कामगार अधिकारी नेमावेत, असे त्या आयोगाने सुचविले. १९३४ च्या सार्वत्रिक संपानंतर मुंबई सरकारने त्याच वर्षी केलेल्या कायद्यान्वये सरकारी कामगार अधिकारी नेमला गेला. १९३५ मध्ये गिरणीमालक संघाने बदली कामगारांच्या नियंत्रणाची योजना सुरू केली. तीनुसार प्रत्येक गिरणीने ठराविक संख्येचे बदली नोंदवून घ्यावेत, महिन्याच्या आरंभी त्यांना पास द्यावेत, त्यांनी रोज सकाळी हजर राहावे आणि रिकाम्या जागा प्रथम त्यांच्यातूनच भराव्यात, असे ठरले.

‘बदली’ या शब्दाचे दोन अर्थ येथे शेजारी ठेवून पाहिले म्हणजे दोन प्रकारच्या नोकऱ्यांतील अंतर ध्यानात येते. सरकारी नोकराची बदली होते : तो एका ठिकाणाहून दुसरीकडे जातो, परंतु नोकरी त्याच्याबरोबर जाते. गिरणीतील मनुष्य स्वतःच बदली असतो : जागा दुसऱ्याची असते, आणि ज्या दिवशी तो दुसरा खाडा करील त्या दिवशीच याला काम मिळते. एकाच शब्दाने एकीकडे नोकरीची शाश्वती गृहीत धरली आहे, तर दुसरीकडे तिचा अभाव. दहा-दहा वर्षे बदलीच राहिलेली माणसे गिरणगावात दुर्मिळ नव्हती.

पासाने मुकादमाचा अधिकार संपला नाही. पास कोणाला द्यावा आणि पास असलेल्यांपैकी आज कोणाला उभे करावे, यांत त्याचा शब्द पुष्कळ काळ चालतच राहिला. तथापि पद्धतीत एक मूलभूत फरक पडला. पूर्वी अन्याय झाला तर तो कोणाला दाखविता येत नसे, कारण त्याची नोंदच नसे. आता मस्टर होते, पासावर क्रमांक होता, सेवाकाल मोजता येत होता. १९३६ च्या वेतनप्रदान कायद्याने पगार ठरलेल्या तारखेच्या आत देणे बंधनकारक केले आणि दंडाला रुपयामागे अर्ध्या आण्याची मर्यादा घातली. १९३८ च्या व त्यानंतर १९४६ च्या मुंबई कायद्याने स्थायी आदेश आणि औद्योगिक न्यायालय यांची चौकट उभी केली. १९४८ च्या कारखाने अधिनियमान्वये पाचशे वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे आवश्यक झाले. १९५० मध्ये मुंबईच्या कापडधंद्यात बदली कामगारांच्या भरतीसाठी सरकारी नोंदणीची योजना आली. कामगारव्यवस्थापन हा स्वतंत्र व्यवसाय झाला तो या क्रमाने : संप, चौकशी, कायदा आणि कागद. परदेशी विद्येची आयात हे त्याचे कारण म्हणून सांगितले जाते, पण ते दुय्यम आहे.

५. चौकटीची मर्यादा

स्वातंत्र्योत्तर काळात स्वयंचलित मागांचा प्रश्न पुढे आला. साध्या मागावर कांडी संपली की विणकराला माग थांबवून ती बदलावी लागते. स्वयंचलित माग ती आपोआप बदलतो, म्हणून एक विणकर डझनाहून अधिक माग सांभाळू शकतो. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने सुसूत्रीकरणाविषयी तत्त्वे ठरविली : असलेल्या कामगारांची कपात होऊ नये, आणि होणाऱ्या लाभाची न्याय्य वाटणी व्हावी. १९२८ मध्ये जो प्रश्न रस्त्यावर आला होता तो आता परिषदेच्या ठरावात आला, ही प्रगतीच म्हणावयास हवी. परंतु त्याच काळात कापडाचे उत्पादन गिरण्यांकडून भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांकडे सरकू लागले होते. तेथे लहान लहान शेडमध्ये, मीटरच्या दराने, बारा-बारा तासांच्या पाळ्यांत काम चाले. तेथे ना बदलीचा पास, ना कल्याण अधिकारी. ज्या कागदी चौकटीने गिरणीतील कामगाराला संरक्षण दिले, त्या चौकटीबाहेर उत्पादन नेणे हाच मग भांडवलापुढील सोपा मार्ग ठरला.

खुद्द चौकटही ताठर झाली होती. १९४६ च्या कायद्याने एका धंद्यात एकाच प्रातिनिधिक संघटनेला वाटाघाटीचा अधिकार दिला. मुंबईत तो राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. कामगारांचा विश्वास त्या संघटनेवरून उडाला तरी कायद्याच्या दृष्टीने त्यांचा आवाज तीच होती. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांनी जो संप सुरू केला, त्याच्या मागण्यांत पगारवाढीबरोबरच बदली कामगारांना कायम करण्याची आणि हा कायदा रद्द करण्याची मागणी होती. तो संप औपचारिक रीतीने कधीच मागे घेतला गेला नाही. मोठ्या संख्येने कामगार पुन्हा कामावर आलेच नाहीत. १९९१ नंतर गिरण्यांच्या जमिनींचे मोल त्यांच्यातील यंत्रांहून कितीतरी अधिक झाले, आणि फिनिक्ससारख्या गिरणीच्या आवारात बाजारसंकुल उभे राहिले. मीना मेनन व नीरा आडारकर यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या मौखिक इतिहासात या कामगारांच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत जतन झाल्या आहेत.

६. उपसंहार

या सर्व विवेचनातून एक क्रम स्पष्ट होतो. आरंभी अधिकार माणसात होता. त्याला तोंड होते, नाव होते, गाव होते. त्याची मर्जी राखता येत असे, त्याला शिव्या देता येत असत आणि प्रसंगी त्याला घेरावही घालता येत असे. पुढे अधिकार कागदात गेला. कागद निर्विकार असला तरी तो न्यायालयात दाखल करता येतो, आणि म्हणूनच दुर्बलाला त्याचा आधार होता. आजच्या काळात, ॲपवरून माल पोचविणाऱ्या आणि प्रवासी नेणाऱ्या कामगारांच्या बाबतीत, हा अधिकार संगणकाच्या गणिती सूत्रात गेला आहे. काम कोणाला द्यावयाचे, दर किती, आणि कोणाचे खाते बंद करावयाचे हे सूत्र ठरविते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कामगाराची व्याख्या केली. राजस्थानने २०२३ साली त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा केला. व्याख्या झाली तरी मूळ प्रश्न उरतोच.

सकाळी गिरणीच्या दरवाजाशी पास घेऊन उभा राहिलेला बदली आणि भ्रमणध्वनीच्या पडद्याकडे पाहत चौकात थांबलेला तरुण यांच्या स्थितीत साम्य आहे. दोघेही कामाची वाट पाहतात, आणि दोघांच्याही वाट पाहण्याचा मोबदला कोणी देत नाही. फरक आहे तो दाद मागण्याच्या जागेत. बदलीला निदान मुकादम कोण हे माहीत होते, आणि पुढे त्याला मस्टर दाखविता येत होते. मुकादमाची मर्जी मस्टरावर आणावयास मुंबईच्या कामगाराला सुमारे ऐंशी वर्षे आणि अनेक संप लागले. गणिती सूत्रातील मर्जी वाचता येईल अशा अक्षरांत आणावयास किती काळ लागेल, हे केवळ तंत्राच्या प्रगतीवर अवलंबून नाही. गिरण्यांचा इतिहास असे दाखवितो की यंत्राने अधिकाराची जागा बदलली, परंतु त्या अधिकाराला उत्तरदायी करण्याचे काम यंत्राने कधीच केले नाही. ते प्रत्येक वेळी माणसांनाच करावे लागले.